सगुणाची दुसरी मुलगी

ज्वारी काढायला आली की मला सगुणा आठवते. सगुणा माझी कोणी नव्हे. ती सरकारी सिनेमातली बाई. पंधरा-वीस मिनिटांचे छोटे सिनेमे असायचे तिचे, एकापुढे एक सहा भाग, आणि एकेका भागात एकेक शिकवण. खताचा खड्डा कसा खणायचा, बिनधुराची चूल कशी घालायची, पोरांना लस कधी टोचायची. शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या अलीकडच्या आमच्या वाडीत ती सुगीत यायची. यंदा आमची ज्वारी अर्ध्या एकरातच आहे. मशीन आलं आणि जेवायच्या वेळेआधी सगळं उरकून गेलं. मी ओट्यावर बसून बघत होते. ताज्या कडब्याचा गोडसर, घशात बसणारा वास आला, आणि सवयीनं सगुणा डोळ्यांपुढे आली. पण यंदा ती सरळ येईना. कोणत्या हातानं भाकरी थापते, किती पोरांची आई आहे, काही ठरवता येईना.

सुगीचे दिवस फार सुंदर असतात असं लोक लिहितात. मला ते आठवतात ते हातांमुळे. ज्वारी मुळासकट उपटायची, तळव्याला चरे पडायचे. मग बायकांनी ओळीनं बसून विळ्यानं कणसं खुडायची. अंगभर खाज. सकाळी थंडीनं बोटं वाकायची नाहीत आणि दुपारी डोक्यावरचा पदर तापायचा. तरी एक होतं, त्या दिवसांत पोटभर खायला असायचं आणि खळं सारवून लख्ख केलेलं असायचं. वाडीत एवढी मोठी, साफ, कोरडी जागा वर्षात तेव्हाच असायची. रस्तेही कोरडे. म्हणून प्रचाराची गाडी सुगीतच यायची. हिरवी जीपगाडी, मागं पेटारे, पेटाऱ्यात मशीन आणि रिळांचे डबे. गाडीवाल्या साहेबांचा घसा कायम बसलेला.

दिवस मावळला की खळ्यात पांढरं कापड ताणायचे. मशीनच्या बाजूला पुरुष बसायचे आणि कापडाच्या पलीकडे, मागच्या बाजूला, आम्ही बायका. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. चुलतसासरे, भावकीतले थोर, त्यांच्या पुढ्यात सुनांनी सिनेमा बघायचा कसा? कापड पातळ होतं, चित्र दोन्ही बाजूंनी दिसायचं. मागून फक्त उलटं दिसायचं. मी चौथी शिकलेली, आमच्या रांगेत वाचता येणारी मी एकटी. हौसाबाई म्हणायची, "ए मास्तरीण, काय लिव्हलंय वाच की." मी बघायची तर अक्षरं सगळी पाठमोरी. आरशात बघून वाचावं तशी. मी एक अक्षर लावेपर्यंत पुढची ओळ यायची. मग मी ठोकून द्यायची, "सगुणाचा सिनेमा असं लिव्हलंय."

हौसाबाई आमची शेजारीण. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आवाज खणखणीत. कापडामागचा सिनेमा खरं तर तीच चालवायची. कारण भोंगा टांगलेला असायचा पुरुषांच्या बाजूला आणि विजेचं इंजिन ठेवलेलं असायचं आमच्या बाजूला. त्या धडधडीत सिनेमातलं बोलणं आम्हाला एक धड ऐकू यायचं नाही. कोण काय बोललं ते हौसाबाई सांगायची. सगुणाची सासू तोंड हलवायला लागली की ही म्हणायची, "म्हातारी म्हनती, चुलीत मीठ जास्त झालंय." चुलीत मीठ कसं पडेल? पण आम्ही हसायचो, आणि तेवढ्यात पुढचं निघून जायचं.

शिवाय भाग क्रमानं यायचे नाहीत. गाडीवाल्याकडे जे रीळ असेल ते तो लावायचा. पहिला भाग दौंडकडच्या गावांत फिरत असायचा आणि आमच्याकडे आधी पाचवा यायचा. पहिल्या वर्षी आम्ही सगुणाच्या पोरी शाळेत जाताना पाहिल्या. दोघी, दोन-दोन वेण्या, हातात पाटी. दुसऱ्या वर्षी सगुणा नवी नवरी होऊन आली. आम्हाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आपलीही माणसं अशीच कळतात. कुणाची म्हातारी आधी भेटते, तिचं लग्न कसं झालं ते कितीतरी वर्षांनी कळतं. माझं माहेर दौंड तालुक्यातलं, कासुर्डीजवळ. माहेरी गेलं की आईला विचारायची, "तुमच्याकडं सगुणाचं काय झालं?" आई सांगायची, "तिनं संडास बांधला." आमच्याकडे संडासाचा भाग आलाच नाही. वाडीत संडासही फार उशिरा आले.

पुढं गाडी बंद झाली. जत्रेतल्या तंबूत मोठ्या सिनेमाच्या आधी असलेच छोटे सिनेमे दाखवायचे, पण तिथं सगुणा नव्हती. धरणं, फौज, पूर, पुढाऱ्यांच्या गळ्यात हार, असलं काहीतरी भरभर पळायचं. लोक तोवर शेंगा फोडत बसायचे. मग ग्रामपंचायतीत टीव्ही आला. त्यावर संध्याकाळी शेतीच्या छोट्या फिलिमा, आणि नंतर रोजच्या गोष्टी, आजचा तुकडा आज, पुढचा उद्या. गोष्ट ऐन रंगात आली की लाईट जायची. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एकमेकींना विचारायचो, "लाईट गेल्यावर काय झालं गं?" आणि सांगणार कोण? लाईट सगळ्यांचीच गेलेली. मग कॅसेटी आल्या, मग घराघरावर टीव्हीच्या छत्र्या आल्या, आणि आता तळहातावर मावतं सगळं.

माझी थोरली, सुनंदा, सणसवाडीला राहते. तिच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या असतात, कंपनीत जाणाऱ्या मुली राहतात. मी गेले होते तेव्हा एक बिहारची पोरगी पायरीवर बसून लसूण सोलत मोबाईल बघत होती. एकेक मिनिटाची गोष्ट. एक बाई रडते, एक थोबाडीत मारते, संपलं. लगेच दुसरा तुकडा. मी म्हटलं, "हिचा नवरा कोण यातला?"

"दादी, वो तो पार्ट बयालीस में पता चला."

"मग पहिला लाव की. मला पहिल्यापासून बघू दे."

"पार्ट वन नहीं आता सामने. जो आता है, वही देखते हैं."

ती हे अगदी सहज म्हणाली. इतकी वर्षं गेली, गाडी जाऊन मोबाईल आला, तरी बाईमाणसाच्या पुढ्यात जे येईल ते येईल. हे चांगलं की वाईट ते मला सांगता येत नाही. मी तिच्याशेजारी बसून नऊ-दहा तुकडे पाहिले आणि तिच्यापेक्षा जास्त लसूण सोलला.

आता यंदाचं सांगते. माझी धाकटी मंगल, दौंडला असते. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर झाली. ज्वारी काढली त्या आठवड्यात ती राहायला आली होती. त्यांच्या जुन्या नर्सबायांचा मोबाईलवर ग्रुप आहे, त्यात कुणीतरी जुन्या फिलिमा टाकल्या होत्या. सहाच्या सहा भाग, नंबर घालून, क्रमानं. मंगल म्हणाली, "आई, ही तुझी सगुणा का बघ."

मी चष्मा लावला. सगुणा भाकरी थापत होती. मी म्हटलं, "ही ती न्हाई."

"का गं?"

"सगुणा डावरी हाय. ही उजव्या हातानं करती."

मंगलला आधी कळेना, मग ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "आई, तू कापडाच्या मागून बघितलंस ना!"

कळलं मला. पण कळून काय उपयोग? आमच्या वाडीतल्या सगळ्या बायकांना सगुणा डावरी म्हणून ठाऊक. आमची सुनंदा डाव्या हातानं जेवायला लागली तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तिच्या हातावर फटका मारायला हात उचलला होता. हौसाबाईनं त्यांना अडवलं. म्हणाली, "राहू द्या, सगुणा बी डावरीच हाय. तिचं काय वाईट झालं?" आत्याबाईंनी हात खाली घेतला. सुनंदा आजही डाव्या हातानं लिहिते. म्हणजे जी डावरी बाई कुठं नव्हतीच, तिच्यामुळं माझी पोरगी मारातून सुटली. हे मी मंगलला सांगत होते, तेवढ्यात मोबाईलवर तिसरा भाग सुरू झाला.

तिसऱ्या भागात सगुणाला दुसरं मूल होतं. मग ती दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून घेते. हा भाग मला सगळ्यांत पाठ. सगुणा खाटेवर, कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, सासू दारात उभी राहून कागदाच्या पुड्या वाटते आहे. तेव्हा कापडामागं केवढा वाद झाला होता. आमच्याकडे मुलगा झाला तर पेढे वाटतात आणि मुलगी झाली तर जिलेबी. पुडीत काय आहे ते दिसत नव्हतं. हौसाबाई म्हणाली, "जिलबी हाय. पुडीचा कागद वला झालाय बघा, पाकानं." आम्ही निरखून पाहिलं आणि सगळ्यांना कागद ओला दिसला. आणि तसंही, सगुणाच्या दोन पोरी शाळेत जाताना आम्ही पहिल्याच वर्षी पाहिल्या होत्या. मग हे दुसरं बाळ पोरगीच असणार, यात शंका कसली?

मोबाईलमधला बाप्या स्पष्ट आवाजात म्हणाला, सगुणाला मुलगा झाला, घरात पेढे वाटले.

मंगल हसायची थांबली. मी म्हटलं, "परत लाव." तिनं तीनदा लावलं. तिन्ही वेळा मुलगा. कागद कोरडा. मग पाचवा भाग लावला. शाळेत जाणाऱ्या दोन पोरींतली एक सगुणाची आणि दुसरी शेजारणीची. सगुणाचा मुलगा मागं ओट्यावर अंघोळ करत होता. त्याला आम्ही शेजारणीचा समजलो होतो.

आता मला याचं एवढं काय, असं वाटेल. तर माझे मालक एकुलते एक. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. सुनंदा झाली, मग मंगल झाली. मंगलच्या वेळचं बाळंतपण वाईट गेलं, दीड महिना खाटेवर होते. उठले त्याच सुगीत तो तिसरा भाग आला. आठ दिवसांनी मी सांगून टाकलं की मला ऑपरेशन करायचं आहे. दोन पोरींवर, पोरगा नसताना, आमच्या वाडीत तोवर कुणी केलं नव्हतं. आत्याबाईंनी खळ्यातच आवाज चढवला. "माझ्या लेकाचं नाव पुसतीस व्हय?" मी घाबरून गेले होते, पण तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, सगुणानं न्हाई का केलं? दोन पोरींवरच केलं की. तुमच्या देखत केलं." आत्याबाईंचा सगुणावर फार जीव. तिचं बघून त्यांनी खताचा खड्डा खणून घेतला होता, दोन्ही नातींना लस टोचून घेतली होती. त्या बघतच राहिल्या. आपण स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? मालकांनी सही केली. शिरूरला जाऊन ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी टाके काढले आणि मी कणसं खुडायला बसले.

जन्मभर मी हेच सांगत आले की सगुणाला दोन मुलीच, तिचं काही अडलं नाही, माझंही अडणार नाही. पोरींना शिकवलं तेही असंच सांगून. आणि ती बाई तर पेढे वाटून मोकळी होऊन दवाखान्यात गेली होती! मुलगा पदरात पडल्यावर ऑपरेशन करण्यात काय मोठं? ते तर कुणीही करेल.

मंगलनं मोबाईल ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, तिला मुलगा आहे हे तेव्हा कळलं असतं, तर तू थांबली असतीस?"

मी म्हटलं, "चहा टाक."

ती चहा टाकायला गेली. मी बसून राहिले. थांबले असते का? एकदा वाटलं, छे, अंगात तिसऱ्याचं बळच नव्हतं. एकदा वाटलं, आत्याबाईंपुढे दुसरं काय बोलले असते मी? सगुणा नसती तर त्यांनी मला गप्प केलं असतं. तिसरं पोर झालं असतं, मुलगा झाला असता, किंवा मीच राहिले नसते. यातलं एकही खरं झालेलं नाही, मग त्याचा विचार तरी कसा करायचा? आणि एक वेगळंच डोक्यात आलं. मालक पुरुषांच्या बाजूला होते. भोंगा त्यांच्याकडे होता.

मालक आता ओट्यावरच असतात. कानाला कमी येतं, पण पाहिजे ते येतं. मी जवळ जाऊन विचारलं, "अहो, त्या सगुणाला पोरगा झाला व्हता."

"कोन सगुणा?"

"सिनेमातली. तुम्हाला ठावं व्हतं?"

"व्हय. पेढे वाटले की तिनं."

एवढ्या सहज म्हणाले. मी म्हटलं, "मग तवा बोलला का न्हाई?"

"सुगी व्हती. कवा बोलू?"

हे काही उत्तर झालं का? मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेव्हा आणखी निघालं. कापडाची दोरी आमच्या बैलगाडीला बांधलेली होती, वाऱ्यानं सुटायची म्हणून मालकांना तिथंच बसावं लागलं. बाळंतपणाचं चित्र लागल्याबरोबर बाकीचे पुरुष लाजून उठून गेले. हे एकटे राहिले, दोन्ही बाजूंच्या मधोमध. इकडून भोंगा ऐकू येत होता आणि तिकडून आम्ही. "हौसाबाई जिलबी म्हनली तवा मला हसू आलं," ते म्हणाले. "मग तू आईला सांगितलंस, आन् आई गप बसली. जन्मात पयल्यांदा कुनापुढं तरी आई गप बसली व्हती. मी कशाला मधी बोलू?"

तिसऱ्या दिवशी मी विचारलंही नव्हतं. ते आपलेच म्हणाले, "मंगलच्या टायमाला तुला शिरूरला न्हेताना वाटंत तू बोलायची थांबली व्हतीस. मला पुन्हा तशी गाडी जुपायची नव्हती." आणि पानाचा डबा मागितला.

तीन दिवसांत तीन कारणं. खरं कोणतं विचारलं तर म्हणाले, समदीच. मला राग आला. कारण इतकी वर्षं कुणी पोराचा विषय काढला की हे सगळ्यांसमोर म्हणत आलेत, "हिला सिनेमानं शिकवलं, मी काय करणार?" लोक हसायचे, मी मान खाली घालायची. मी म्हटलं, "ठाऊक व्हतं तर मला का बोल लावलात जन्मभर?"

"तुला कुठं? सिनेमाला लावला. लोक इचारत्यात, कुनाचं तरी नाव सांगाय लागतं. सिनेमा काय उठून भांडाय येतोय?"

मंगल म्हणते, आप्पांनी तुला वाचवलं, त्यांचं नाव घे. सुनंदाला फोन केला तर ती म्हणते, छट्, आप्पा आता रचून सांगतात, तेव्हा त्यांचं लक्षच नसेल, निर्णय तुझाच. दोघी मुली शिकलेल्या, दोघी ठामपणे बोलतात. मलाच ठाम बोलता येत नाही. ऑपरेशन माझ्या अंगावर झालं, डाग अजून आहे, आणि ते कुणी ठरवलं हे मला सांगता येत नाही. हौसाबाईनं? तिला जाऊन वीस वर्षं झाली. ज्यानं आधी पाचवा भाग लावला त्या गाडीवाल्यानं? त्याला तर माझं नावही ठाऊक नव्हतं.

परवा कासुर्डीकडचा माझा एक भाचा लग्नाची पत्रिका द्यायला आला. बरोबर त्याचे व्याही होते. ओट्यावर बसले, पाणी झालं, पाऊसपाणी, उसाचा भाव झाला. मग व्याही मालकांना म्हणाले, "आप्पा, मुलं किती तुम्हाला?"

"दोन पोरी."

"पोरगा न्हाई?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. मालकांनी तोंड उघडलं. "आता काय सांगू पाव्हनं, हिला त्या सिनेमानं..." आणि माझ्याकडे बघून थांबले.

मी कप खाली ठेवले. म्हटलं, "सिनेमानं न्हाई. मी ठरवलं. दोन पोरींवर बास म्हनून मीच सांगितलं."

व्याही कपाकडे बघायला लागले. मालकांनी मान हलवली. "व्हय, हिनंच ठरवलं," ते म्हणाले. "हिनंच."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही बोलण्याला ते एवढ्या लगेच हो म्हणाले नव्हते. म्हणून मला पुन्हा शंका आली.